एका दाण्याचा टक्का

अमरावतीहून अकोल्याची एसटी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सुटायची होती. ती सात एकोणतीसला सुटली. शेजारी माझे व्याही, वकील भाऊसाहेब. त्यांच्या अकोल्यातल्या जुन्या शहरात, वाचनालयात, संध्याकाळी माझं व्याख्यान होतं: ‘आकाशगंगेत बुद्धिमान जीव किती ठिकाणी?’ आम्हा सातारकरांना मे महिन्यात अकोल्याला कोणी बोलावत नाही. पण अमरावतीत राहणारी माझी मुलगी सासऱ्यांना म्हणाली होती, ‘बाबांचा आकडा कधी चुकत नाही.’ तिचा शब्द मला सांभाळायचा होता.

आकडा तयार होता. बारा. एकूण तारे किमान दहा हजार कोटी. त्यांतले ग्रह असलेले किती, त्यांवर जीव किती, त्यांत बुद्धी किती, ती टिकते किती, असे गुणाकार करत मी तिथवर आलो होतो. तीनदा ताळा करून पाहिला होता.

मूर्तिजापूरच्या अलीकडे भाऊसाहेबांच्या थोरल्या भावाचं, दादारावांचं गाव. तिथे जेवायला उतरलो. दुतर्फा नांगरून उन्हात तापवलेली काळी जमीन, भेगा अशा की माझी छत्री एकीत मुठीपर्यंत गेली. काढताना तिची एक काडी मोडली. जेवणात कढी-गोळे (डाळ वाटून कढीत शिजवलेले गोळे) आणि ज्वारीची भाकरी. मी चार गोळ्यांवर थांबलो, तर दादाराव म्हणाले, “इवाईबुवा (व्याही), लाजून राहिले का? इतक्यात तं आमचं मांजर बी उठत नाही.”

जेवणानंतर त्यांनी सावलीतला ओला बारदाना (गोणपाट) उलगडला. आत सोयाबीनचे दाणे, दहा-दहाच्या दहा ओळी. पेरणीआधी घरचं बियाणं असं पारखतात: शंभर दाणे ओल्या बारदान्यात गुंडाळायचे आणि काही दिवसांनी किती उगवले ते पाहायचं. मोजणी म्हटल्यावर मला राहवेना. दोनदा मोजून सांगितलं, “त्र्याऐंशी.”

“एकाहत्तर,” दादाराव म्हणाले. “वाकडे, मरतुकडे मोजाचे नाही. फुटला म्हंजे जगला असं नसते.”

भाऊसाहेब हसले. “दादा, हे आज तारे मोजून राहिले. साऱ्या आकाशगंगेत बारा जागी माणसासारखे शहाणे हायेत म्हणतात.”

“बारा?” दादारावांनी माझ्याकडे पाहिलं. “तुमच्या बारदान्यात दाने किती होते?”

“एकच. पृथ्वी.”

“उगवला?”

“उगवला.”

“मंग टक्का किती धरला?”

मी पिशवीतून वही काढून गुणाकार चाळू लागलो.

“एक दाना टाकून मी बजारात सांगू का, बियानं शंभर टक्के हाय म्हनून? लोक जोड्यानं मारतीन मले. अन् तो दाना उगवला म्हनून तं तुमी इथं बसून मोजून राहिले! नसता उगवला तं मोजाले कोन असतं?”

पुढच्या एसटीत मी वही उघडलीच नाही. दादारावांच्या बोलण्यात खोट सापडत नव्हती. आता बारा सांगावे तर खोटं, न सांगावे तर मुलीची मान खाली.

मोर्णा नदीचा पूल ओलांडून जुन्या शहरात शिरलो. अरुंद गल्ली, तापलेल्या भिंती, वाचनालयात साठ खुर्च्या, माणसं पंचेचाळीस. भाऊसाहेबांनी ओळख करून दिली, “आमचे इवाई आज नक्की आकडा सांगतील.”

मी फळ्यावर सगळा गुणाकार लिहिला. शेवटी बारा लिहिले आणि त्यावर काट मारली. म्हणालो, “पहिली ओळ बऱ्यापैकी खरी. दुसरीही दुर्बिणींनी बरीचशी पक्की केली आहे. खालच्या साऱ्या ओळी माझ्या मनाच्या. दुसऱ्या कुणी केल्या तर लाख येतील, किंवा फक्त आपणच उरू. खरं उत्तर मला माहीत नाही.”

मागून आवाज आला, “मंग आमाले बोलावलं कावून?”

सगळे हसले. मीही. “हेच सांगायला,” मी म्हणालो, “की आपल्या हातात दाणा एकच आहे. दुसरा सापडू द्या, मंगळावर फुटून मेलेला का होईना. मग टक्का काढायला बसू.”

भाऊसाहेब आभाराला उठले. ते म्हणाले, “चाळीस वर्षं वकिली केली. उलटतपासणी न होताच ‘माहीत नाही’ म्हणणारा साक्षीदार आजवर भेटला नव्हता. भेटला तो माझाच इवाई निघाला!” टाळ्या वाजल्या. रात्री मुलीचा फोन आला. “बाबा, मामंजी सगळ्यांना तुमचं सांगत सुटलेत. आकडा राहू द्या.”

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत बसलो. आकाशगंगेत आपल्याला सोबत आहे की नाही, हे जाताना मला ठाऊक होतं, येताना नव्हतं. एवढा प्रवास करून माहिती कमी झाली, असा माझा हा पहिलाच दौरा. तरी झोप छान लागली.

घरी पाऊल टाकताच बायकोने विचारलं, “मग, आहेत का नाहीत?”

“माहीत नाही,” मी म्हणालो.

तीस वर्षांच्या संसारात हे उत्तर तिने माझ्याकडून प्रथमच ऐकलं. तिने आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

“ऊन लागलं का हो तिकडे?”