'नेंजु' लिहिलेलं कलम

पीएने कलम मोठ्याने वाचलं आणि मी शेजारी बसलेल्या राव सरांकडे बघितलं. ते चष्मा पुसत होते. आमदारसाहेब खुशीत होते. उद्या बिल सभागृहात येणार, तुमचं म्हणणं त्यात घातलंय, मी स्वतः त्याच्या बाजूने बोलणार आहे, असं ते तमिळमध्ये सांगत होते आणि मधून मधून कॉफीचा आग्रह करत होते. मी मात्र टंबलर खाली ठेवला, कारण कलमात 'नेंजु परिसोदनै' लिहिलं होतं. म्हणजे छातीची तपासणी.

आम्ही छातीसाठी आलोच नव्हतो. आम्ही स्तनांच्या कॅन्सरसाठी आलो होतो.

मी चेन्नईतल्या एका ट्रस्ट हॉस्पिटलमध्ये मॅमोग्राफी टेक्नॉलॉजिस्ट आहे. नवऱ्याची अंबरनाथहून चेन्नईजवळच्या आवडी या गावातल्या फॅक्टरीत बदली झाली, तेव्हा इथे आले. मॅमोग्राम म्हणजे स्तनाचा एक्स-रे. दोन प्लेट्समध्ये स्तन दाबून धरायचा आणि फोटो घ्यायचा. थोडं दुखतं, पण हाताला न लागणारी गाठसुद्धा त्यात सापडू शकते. चेस्ट एक्स-रे ही वेगळी गोष्ट. तो फुप्फुसं बघायला काढतात. त्याचं मशीन वेगळं असतं आणि ते बहुतेक कारखान्यांच्या दवाखान्यात आधीपासूनच असतं. माझी धास्ती नेमकी तीच होती.

बिल कारखान्यातल्या बायकांच्या वार्षिक आरोग्य तपासणीचं होतं. त्यात स्तनांची तपासणी सक्तीची करावी, डॉक्टरांनी हाताने तपासावं, गरज असेल तिचा मॅमोग्राम करावा आणि त्या दिवसाचा पगार कापू नये, एवढं आमचं मागणं होतं. हॉस्पिटलचे पीआरओ म्हणून तमिळ मसुदा राव सरांनी केला. राव सर तंजावरकडचे. पिढ्यान् पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं मराठी घर, पण माझ्याशी बोलताना त्यांची जुनी मराठी हटकून बाहेर येते. माझं तमिळ बोलण्यापुरतं. वाचायचं म्हटलं तर बसच्या पाटीपलीकडे गाडी जात नाही. त्यामुळे मसुद्यात काय आहे ते मला थेट आमदारांच्या सोफ्यावर बसून कळलं.

"सर, हे नेंजु कुठून आलं?" मी हळूच मराठीत विचारलं.

"मीच लिहिलों," ते पुटपुटले. "बायकांचें तें नांव सरकारी कागदांत कसं लिहिणं, म्हणून. मोठे लोक वाचणार. समजून घेतील म्हणून लिहिलों."

मला त्यांचा राग आला आणि दयाही आली. लिफ्टमध्ये बाई असली तर पुढच्या लिफ्टने येणारा हा माणूस. त्याने सभ्यपणाने लिहिलं, खात्यातल्या कोणीतरी त्याहून सभ्यपणाने ते बिलात उतरवलं आणि उद्या त्याचा कायदा होणार होता.

आमच्याबरोबर तिसरी होती सेल्वी. हे तिचं खरं नाव नाही. श्रीपेरुंबुदूरच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत ती लाइनवर काम करायची. तिचा मॅमोग्राम मीच काढला होता. स्क्रीनवर ती गाठ पाहिली तेव्हा तिच्यासमोर चेहरा सरळ ठेवताना माझी पुरेवाट झाली. आता ऑपरेशन झालं होतं, केमो चालू होती. डोक्याला स्कार्फ बांधून ती सोफ्याच्या कडेला बसली होती. मसुद्यातला शब्द ऐकून तिनेही मान वर केली होती.

आमदारांनी हसून विचारलं, तुमच्या भाषेत काय गुपित चाललंय? मी धीर केला आणि सांगितलं, की शब्द चुकलाय. नेंजु नाही, मार्बगम पाहिजे, म्हणजे स्तन.

पीए मोबाइल बघायला लागला. आमदार वाईट माणूस नव्हते, पण ते खुर्चीत मागे सरकले. दुरुस्तीची नोटीस आज संध्याकाळपर्यंतच देता येते, असं म्हणाले. आणि सभागृहात हा शब्द उच्चारला तर मागच्या बाकांवर हसतील, त्याचे व्हिडिओ फिरतील. नेंजु म्हटलं तरी सगळ्यांना कळेलच ना, अम्मा?

तमिळमध्ये भांडण्याइतकी मी तयार नाही. शब्द जुळवत होते तेवढ्यात सेल्वी बोलली. आवाज लहान होता, पण अडखळली नाही.

"सर, आमच्या कंपनीत दर वर्षी नेंजु बघतात. एक्स-रे काढतात. मला गाठ लागत होती तेव्हाही काढला. नॉर्मल आलं. नेंजु नॉर्मल म्हणजे सगळंच नॉर्मल, असं मला वाटलं. मी वर्षभर कोणाला सांगितलं नाही."

मग तिने मान खाली घातली. मला रडू येत होतं, पण ती रडत नव्हती, म्हणून मीही आवरलं.

आमदारांनी पुढ्यातला मसुदा उचलून पुन्हा एकदा वाचला. मग पीएला म्हणाले, नोटीस तयार कर. पीएने कागद घेतला आणि शब्दापाशी येऊन थांबला. तेव्हा राव सरांनी हात पुढे केला. "मी लिहितों," ते मला मराठीत म्हणाले. त्यांचं तमिळ अक्षर मोत्यासारखं आहे, पण त्या दिवशी ते वाकडंतिकडं झालं. मार्बगम लिहिलं, पुढे पुट्रुनोय लिहिलं, म्हणजे कॅन्सर, आणि कागद परत देताना त्यांचे कान लाल झाले होते.

संध्याकाळपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पीएचा फोन येईपर्यंत मी हॉस्पिटलमध्ये दोन पेशंटना एकच सूचना दोनदा दिली. नोटीस स्वीकारली गेली. दुसऱ्या दिवशी आमदारांनी तो शब्द एकदाच, घाईघाईने उच्चारला. मागे कोणीतरी हसलं म्हणे. कलम दुरुस्त होऊन मंजूर झालं, पगाराचा भाग मात्र उडाला.

सेल्वी अजून तपासण्यांना येते. प्रत्येक वेळी रिपोर्ट हातात येईपर्यंत मला धड जेवण जात नाही. तिचं आधी सापडलं असतं तर एवढं सोसावं लागलं नसतं, हा विचार काही केल्या जात नाही.

काही महिन्यांनी एका कारखान्याच्या पर्चेस मॅनेजरचा फोन आला. नवीन कायद्याबद्दल विचारायचं होतं. त्यांच्याकडे चेस्ट एक्स-रेचं चांगलं मशीन आहे, त्यावरच भागेल ना? दोन्ही एकाच भागाचे फोटो, वेगळा खर्च कशाला?

मी म्हटलं, कायदा समोर आहे का? मग कलम वाचा.

ते वाचायला लागले. एका शब्दापाशी अडले, खाकरले, पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि तो शब्द गिळून पुढे गेले.

मग विचारलं, "मॅडम, हे दुसरं मशीन कुठे मिळतं?"

कारखाने कायद्याचा हेतू विकत घेत नाहीत. त्यात जो शब्द छापलेला असतो, त्याचं मशीन घेतात.