सुप्याच्या मावशींचा लाल ठिपका

तुम्ही दुरुस्त करून दिलेली एखादी वस्तू आत्ता, या घटकेला, कुणाच्या उशाशी आहे हे तुम्हाला ठाऊक आहे का? आणि ठाऊक नसेल, तर तुम्हाला झोप कशी लागते?

हा प्रश्न माझा नाही, सुप्याच्या मावशींचा आहे. तिसगावच्या बाजारात, पिठाच्या गिरणीला लागून असलेल्या पत्र्याच्या टपरीत त्यांचं दुरुस्तीचं टेबल होतं. मोबाईल, रिमोट, मिक्सर, आणि पोरं मोबाईलला जोडून खेळतात ते गेमचे कंट्रोलर. मी पाहिलेल्या माणसांत मावशींइतकं भित्रं कुणी नव्हतं, आणि त्यांच्याइतका चांगला हातही कुणाचा नव्हता. सोल्डरिंगची गन तापली तरी त्या ती लगेच उचलत नसत. दोन्ही हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून बसत. दर रविवारी न चुकता चर्चला जाणाऱ्या बाई, म्हणून मला वाटायचं की प्रार्थना करत असतील. एकदा विचारलंच. म्हणाल्या, "न्हाई गं. भ्या वाटायची वाट बघते. भ्या वाटल्याबिगर गन हातात घ्यायची न्हाई."

बाजारातले लोक टिंगल करत. गिरणीवाला तर रोज विचारायचा, मावशी, आज बोर्ड चावला का? मावशी शांतपणे म्हणायच्या, "चावत न्हाई हीच तर पंचाईत हाय. चावला असता तर तिथल्या तिथं कळलं तरी असतं."

आयटीआय करून मी त्यांच्या टेबलावर बसायला लागले तेव्हा मला वाटत होतं, मला सगळं येतं. पहिल्याच आठवड्यात एका कंट्रोलरचे दिवे बदलताना माझा भ्रम फिटला. हे दिवे तिळाएवढे. बोर्डावर त्यांना वीज पोचवणाऱ्या तांब्याच्या रेषा केसाएवढ्या, वरून हिरवा लेप. गन क्षणभर जास्त टेकली की दिव्याबरोबर खालचं तांबंही सालीसारखं उचलून येतं. मग तुटलेल्या रेषेच्या दोन्ही टोकांना ब्लेडनं हिरवा लेप हलकेच खरवडायचा, तांबं चमकलं की त्याला कथील लावायचं, आणि मध्ये बारीक तार टाकायची. ही तार मावशी जळलेल्या मोटारीच्या वाइंडिंगमधून सोडवून घेत. मी ती सरळ, जवळच्या वाटेनं टाकायला निघाले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "रेष जिथनं गेल्ती तिथनंच तार न्यायची. मधनं काटायचं न्हाई. ज्यानं बनवलं त्यानं वळसा उगा घातला नसंल."

शेवटी तारेवर लाल नेलपॉलिशचा ठिपका. तार हलू नये, उघडी राहू नये म्हणून. आणि झाकण लावायच्या आधी आत एक चिठ्ठी: काय तुटलं होतं, कुणाच्या हातून तुटलं, तार कुठून कुठे टाकली. तीन ओळी, खाली नाव. गिऱ्हाइकाला ती वाचूनही दाखवायची. मी म्हटलं, मावशी, बिनरंगी नेलपॉलिश लावू, कामाची सफाई दिसेल. त्यांचा चेहरा एकदम उतरला. त्या दिवशी त्यांनी दुसरं काम हातात घेतलं नाही.

कारण पुढे कळलं. सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मावशी अकरा वर्षं लाईनवर होत्या. त्यांच्यापुढे बोर्ड यायचे, त्या सोल्डर करायच्या, बोर्ड पुढे जायचे. बोर्ड कशाचा, हे बायकांना कधी सांगितलं जात नसे. नुसता नंबर. ज्या बाईच्या हातांतून वस्तू घडते तिलाच ती वस्तू काय आहे हे माहीत नसावं, याला शिस्त म्हणतात! एका शिफ्टला मावशींच्या हातून एका बोर्डाची रेष उचलली गेली. नियम असा की लाल स्टिकर लावून बोर्ड बाजूला काढायचा. पण त्या आठवड्यात त्यांचे दोन स्टिकर आधीच झाले होते, आणि तिसऱ्याला घरी बसवत. त्यांनी तार टाकली, पर्समधलं बिनरंगी नेलपॉलिश वरून लावलं, आणि बोर्ड पुढे सरकवला. तपासणीत तो पास झाला. खोक्यात बसला. टेम्पोत चढला.

"कशाचा आसंल गं तो?" मावशी मला विचारायच्या. "टीव्हीचा आसंल तर जाऊ दे. पण दवाखान्यातल्या मशीनचा आसंल तर? बाळाला ऊब देत्यात त्या पेटीचा आसंल तर?" त्यानंतर दोन महिन्यांत त्यांनी नोकरी सोडली. कुठे आग लागल्याची, कुठे दवाखान्यातलं यंत्र बंद पडल्याची बातमी आली की त्या गिरणीवाल्याकडून पेपर मागून ती दोनदा वाचत. त्या बोर्डाचा नंबर मात्र पाठ होता त्यांना. बातमीत नंबर कधी नसतो.

मी पत्रकांच्या घरात वाढले. वडील कामगारांच्या सभेसभेला पत्रकं वाटायचे, आणि मला अक्षरओळख त्यांच्या मथळ्यांवरूनच झाली. मुकादमानं काय लपवलं, मालकानं काय दडपलं, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. स्वतःच्या हातानं काही लपवायची वेळ येते तेव्हा काय करायचं, हे कुठल्या पत्रकात नव्हतं. मावशींची गोष्ट ऐकून मी मनात त्यांनाच दोष दिला होता. मी असते तर लाल स्टिकर लावला असता, असं मला खरंच वाटत होतं.

मग संतोष आला. पाथर्डीकडच्या एका वस्तीवरचा ऊसतोडीचा गडी. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या टोळीचा ट्रॅक्टर फाट्यावरून निघणार होता. त्याच्या कंट्रोलरचे चारही दिवे गेले होते. मी हसून म्हटलं, दिवे नसले तरी खेळता येतं की. तो ओशाळला. खेळतं कोण, म्हणाला. त्याची चार वर्षांची सोनी अंधाराला भ्यायची. फडाजवळच्या कोपीत, त्या तात्पुरत्या झोपडीत, वीज नसते, म्हणून कंट्रोलर पॉवर बँकेला लावून तिच्या उशाशी ठेवायचा. चार निळे दिवे दिसले की पोर झोपायची.

मावशी त्या दिवशी डोळे दाखवायला नगरला गेल्या होत्या; तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी, मग दुपारच्या एसटीनं परतणार होत्या. टेबलावर मी एकटी. जुने दिवे काढताना रेष उचलली, आणि थोडीथोडकी नाही, बोटभर. ती मुळात कुठून येते हेच मला सापडेना. संतोष बाहेरून दोनदा डोकावून गेला. मग मी थेट बॅटरीच्या टोकावरून तार घेतली, बॅटरीच्या खालून जवळच्या वाटेनं दिव्यांपर्यंत नेली, आणि झाकण लावलं. चारही दिवे लागले. लाल ठिपका लावला नाही, नेलपॉलिश वाळायला वेळ लागतो म्हणून. चिठ्ठी लिहिली नाही, कारण काय लिहिणार होते?

दुसऱ्या दिवशी मावशी एसटीतून उतरल्या. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब डोळ्यांत घातलेले, वर काळा चष्मा. खुर्चीवर बसल्या आणि सवयीनं टेबल हातानं चाचपलं. चिठ्ठ्यांची वही त्यांच्या बोटांना लागली. "काल कुणी आलं न्हाई व्हय?" मी म्हटलं, एक कंट्रोलर होता. "मंग चिठ्ठी?" लिहिली नाही, मी म्हटलं. त्यांनी कुठून कुठे तार टाकली हे विचारलं, आणि मी सांगितलं. बॅटरीच्या खालून, हे ऐकलं आणि त्या उठल्याच.

"कोपी कशाची आस्ती ठाव हाय का तुला?" एवढंच म्हणाल्या.

मला ठाऊक होतं. कोपी बांबूची, वरून उसाच्या वाळक्या पाचटाची. काडी लागली तर विझवायला वेळ मिळत नाही. त्या तारेवरचा लेप बॅटरीच्या कडेला घासून गेला, उघडं तांबं भलतीकडे टेकलं, की बॅटरी तापणार, फुगणार. आणि ती सोनीच्या कानापासून वीतभर अंतरावर. मावशींना समोरचं धूसर दिसत होतं, तरी त्यांनीच हत्यारं पिशवीत कोंबली आणि माझा हात ओढत मला रस्त्यावर आणलं. संतोषचा फोन लागेना. गिरणीवाल्यानं पीठ पोचवायची जीप काढली.

फाट्यावर दोन ट्रॉल्या भरून उभ्या होत्या. वर गोधड्या, पातेली, कोंबड्यांची पाटी, त्यावर माणसं. ट्रॅक्टर सुरू होता. मुकादमाला वाटलं आम्ही कुणाला निरोप द्यायला आलोय. मावशींनी ट्रॉलीच्या फळीवर हात आपटला आणि कंट्रोलर मागितला.

"खेळन्यापायी गाडी थांबवता व्हय, बाई?" मुकादम म्हणाला.

"खेळनं न्हाई, दिवा हाय त्यो. आमच्या टेबलावरनं चूक गेलीय."

'आमच्या' म्हणाल्या त्या. त्या एका शब्दाच्या आड मला आरामात लपता आलं असतं. ट्रॉलीवरून सगळी टोळी बघत होती. चूक माझी आहे, मी म्हटलं, मावशी इथं नव्हत्या. आवाज इतका चिरका आला की कोंबड्या फडफडल्या.

संतोषची बायको मंदा खाली उतरली. गोणी सोडायला लागली. तवा निघाला, साडी निघाली, शेवटी सोनीच्या गोधडीच्या घडीत कंट्रोलर निघाला. पॉवर बँकेला आत्ताच लावलेला. रात्रीपर्यंत भरलेला राहावा म्हणून. मंदानं तो माझ्या हातात दिला आणि मला त्याची ऊब लागली. फार नाही, नुकत्याच खाली ठेवलेल्या चहाच्या कपाएवढी. ती ऊब अजून माझ्या तळहातातून गेलेली नाही.

झाकण उघडलं. तारेचा लेप बॅटरीच्या कडेला घासून तांबं लकाकत होतं, आणि बॅटरीच्या आवरणावर काळा ओरखडा होता. अजून जळालं नव्हतं. एका दिवसात एवढं. मावशींना ते दिसत नव्हतं. "काय हाय?" त्यांनी विचारलं, आणि मी एकही गोष्ट न गाळता सांगितलं.

फाट्यावरच्या हॉटेलात विजेचा बोर्ड होता. चहाची गिऱ्हाइकं उठवून टेबल मोकळं केलं. आधी बॅटरी सोडवली. मग मी गन लावली आणि माझे हात मांडीवर ठेवले. वाट बघावी लागली नाही. मावशी बाजूला बसून डोळे मिटून सांगत होत्या: चार्जिंगच्या खाचेपासनं मोज, स्क्रूच्या खांबाला वळसा घाल, बॅटरीच्या जवळ जाऊ नको. रेषेचं मूळ सापडलं. मी खरवडलं, कथील लावलं, तार जुन्या वाटेनं नेली. मीटरचा बीप वाजला तेव्हा त्यांनी माझं बोट धरून तारेवर सावकाश फिरवलं आणि मग स्वतःचं. एका जागी थांबल्या. "हितं उचललीय." मी ती पुन्हा बसवली. ओरखडा पडलेली बॅटरी काढून तिच्या जागी टपरीतल्या दुसऱ्या कंट्रोलरमधली, मावशींनी निघताना पिशवीत टाकलेली, घातली. लाल ठिपके लावले आणि ते वाळेपर्यंत मुकादमाच्या शिव्या ऐकत बसलो.

चिठ्ठी मी लिहिली आणि मंदाला वाचून दाखवली. 'दिव्यांची रेष माझ्या हातून तुटली. मी आधी चुकीची तार टाकली आणि सांगितलं नाही. आता नीट टाकली आहे. गरम लागलं तर काढून लांब ठेवा.' खाली माझं नाव. मंदानं ती दुमडून ब्लाउजमध्ये ठेवली. "पोरीपासनं लांबच ठिवीन आता," म्हणाली. "दिसला म्हंजी झालं." रागावली असती तर बरं वाटलं असतं.

ट्रॅक्टर गेला. मावशी रस्त्याकडे तोंड करून उभ्या होत्या, जणू त्यांना तो दिसत होता. "तुझा बोर्ड सापडला गं," म्हणाल्या. "नशीब तुझं."

संतोष हंगामभर दर बाजारच्या दिवशी फोन करायचा, आणि फोन वाजला की मी हातातली गन आधी खाली ठेवायचे. सोनी बरी आहे, दिवे लागतात, एवढंच तो सांगायचा. मावशींचे डोळे मात्र राहिले नाहीत. आता त्या श्रीरामपूरला लेकीकडे असतात. गेल्या महिन्यात मी भेटायला गेले. त्या घरभर फिरत होत्या: भिंतीला हात लावत, टीव्हीच्या पाठीवर तळवा टेकवत, चार्जर चाचपत, फ्रिजच्या कडेशी थांबत. लेक म्हणाली, दिवसातून चार वेळा असंच चालतं. मी हाक मारली तर त्यांनी पहिल्यांदा माझे तळहात चाचपले. मग त्या बोर्डाचाच प्रश्न. "कुठं आसंल गं तो?"

तो बोर्ड आता शोधता येणार नाही. म्हणून हे लिहिते आहे, आणि तुमच्याकडे एक मागणं मागते आहे. तुम्ही गन धरत असाल, सुई धरत असाल, पाना धरत असाल, औषधाची बाटली भरत असाल. तुमच्या हातून काहीतरी तुटलेलं, वरून झाकलेलं, पुढे सरकवलेलं एखादं काम असेल. ते कुठलं, हे हा मजकूर वाचताना तुम्हाला आठवलेलं आहे. ज्याला दिलंत त्याचा नंबर अजून तुमच्याकडे असेल, तर आज रात्री तो माणूस दिवा लावून झोपण्याआधी त्याला फोन करा.