सात चुलींचा दवाखाना

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर नीलाबाईला आणखी एक नोटीस यायची, आणि तिच्या रिटायरमेंटला आता आठच महिने उरलेत. एवढं समजा, की भामरागडाकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव आहे आणि आसपासच्या जंगलातल्या बाईचं बाळ अडलं तर ऑपरेशन करणारा दवाखाना तेवढा एकच आहे.

नीलाबाई बोरकुटे तिथली आया. मूळची सावली गावाकडची. ती कामाला लागली तेव्हा दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक व्हरांडा. लोकांनीच नाल्यातले दगड बैलबंडीनं वाहून बांधलेला. मग तीस खाटा झाल्या, एक्स-रे आला, सापाचं इंजेक्शन आलं, ऑपरेशनची खोली आली, रक्त ठेवायचा फ्रिज आला. दरवेळी पाटी बदलली, पाटीबरोबर साहेब बदलले. एकतीस वर्षांत बदलली नाही ती नीलाबाई आणि तिची जीभ. त्या जिभेला सिव्हिल सर्जनसुद्धा वचकून असत.

आणखी एक गोष्ट बदलली नव्हती. मागच्या अंगणात, चिंचेखाली, सात चुली. जंगलातल्या गावांतून पेशंट एक येतो आणि माणसं सहा येतात. सोबत तांदूळ, भात रांधायचा गंज, सरपणाची मोळी. दवाखान्याचं जेवण मिळतं फक्त पेशंटला. आणि घरची माणसं उपाशी बसली असता आपण ताट ओढायचं, हे त्या बायकांना मरेस्तोवर जमत नाही. म्हणून चुली. दर शनिवारी नीलाबाई त्या स्वतः सारवायची.

ऑगस्टातल्या त्या बुधवारी ती सुट्टी संपवून कामावर आली, मागं गेली आणि जागेवर थिजली. चुली नव्हत्या. चिंचेभोवती गुळगुळीत फरशी, चार कुंड्या आणि मधोमध फोटो काढून घ्यायची रंगीत चौकट. मातीचा आणि विटांचा ढीग कुंपणाशी लोटलेला.

"हे कोनं केलं?" तिनं सिस्टरला विचारलं.

"साहेबांनी. उद्या कमिटी येतेय ना बाई, स्वच्छतेच्या बक्षिसाची. धूर दिसला तर मार्क कापतात."

आता सांगा! भुलीचा डॉक्टर आठवड्यातून एकदा, शुक्रवारी येतो, त्याचे मार्क कोणी कापत नाही. चुलीच्या धुराचे मात्र कापतात. नीलाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच वॉर्डात शिरली, आणि बारा नंबरची खाट रिकामी दिसली तशी ती आग एकदम थंड पडली.

बारा नंबरला बुधरी होती. नदीपलीकडच्या गावची, वीस-एकवीस वर्षांची, दिवस भरत आलेले. बाळ पोटात आडवं. शुक्रवारी ऑपरेशन ठरलेलं. सोबत नवरा वारलू आणि सासू. रजिस्टरमध्ये सिस्टरनं लिहून ठेवलं होतं, 'न सांगता निघून गेले.'

"न सांगता?" नीलाबाई ओरडली. "चुली फोडल्या, आनखी काय कानात सांगाव लागते का?"

ती धावत स्टँडवर गेली. एकोणसाठ वर्षांची बाई, गुडघे कुरकुरणारे, पण धावली. दुपारची गाडी लागलेली होती. नदीचं पाणी पुलाला टेकलं होतं. संध्याकाळपर्यंत पूल बुडणार हे शेंबडं पोरही सांगत होतं. एकदा पलीकडं गेलं की चार दिवस परत येणं नाही. बुधरी शेडखाली पोटावर हात ठेवून बसली होती. वारलू खाली मान घालून उभा.

"काऊन रे वारलू? कुठी चालला?"

"घरी, बाई. रांधू कुठी? साहेबाचा मानूस म्हणे धूर नाई करायचा. कालपासून माय जेवली नाई. माय जेवली नाई म्हणून बुधरी जेवत नाई."

"अरे बाप्पा, लेकरू आडवं हाये! रस्त्यात कळा लागल्या तं दोघं बी जातीन!"

म्हातारीनं वर पाहिलं आणि गोंडीत एकच वाक्य बोलली. नीलाबाईला एकतीस वर्षांत तेवढी गोंडी आली होती. जिथं आपली चूल नाही तिथं आपण राहत नाही.

हेच वाक्य तिनं आधी एकदा ऐकलं होतं, तेव्हा अर्थ कळला नव्हता.

नोकरीचं पहिलं वर्ष होतं ते. चुली नव्हत्या तेव्हा. पोचू नावाचा एक जण आपल्या गरोदर बायकोला घेऊन आला होता, आणि त्याच्या आईनं व्हरांड्यातच तीन दगड मांडून जाळ केला होता. नीलाबाई नवी, नोकरीचा ताठा नवा. तिनं बादलीभर पाणी आणून जाळावर ओतलं, भातासकट. "दवाखाना हाये हा, जंगल नाई!" म्हणाली. म्हातारी काही भांडली नाही. तेवढं एक वाक्य बोलली आणि दुपारपर्यंत ती माणसं निघून गेली.

तिसऱ्या दिवशी पोचू एकटा आला. बायकोला पांघरायला दिलेलं दवाखान्याचं ब्लँकेट चुकून सोबत गेलं होतं, ते परत करायला. नदीवर धुऊन, घडी घालून आणलेलं. तेव्हाच्या गुणवंतराव डॉक्टरांनी विचारलं, बायको कशी आहे? पोचूनं नकाराची मान हलवली. बाळ? पुन्हा मान हलवली. मग तो पायी परत गेला.

डॉक्टरांनी नीलाबाईला ना झापलं, ना नोटीस दिली. झापलं असतं तर बरं झालं असतं. पुढच्या रविवारी त्यांनी स्वतः माती कालवली आणि पहिली चूल तिला घालायला लावली. ते ब्लँकेट पुन्हा कुठल्या खाटेवर गेलं नाही. नीलाबाईनं घरी पेटीत ठेवलं.

स्टँडवर आता कंडक्टर घंटी वाजवायच्या बेतात होता. नीलाबाईनं म्हातारीचा गंज उचलून आपल्या डोक्यावर घेतला.

"चाल माय. चूल मी घालतो. पेटल्याबिगर तुले बस म्हनत नाई."

गंज म्हातारीचा होता, तो चालायला लागला, म्हणून तीही उठली.

कुंपणाशी पडलेल्या विटा नीलाबाईनं उचलल्या आणि त्या गुळगुळीत फरशीवर, रंगीत चौकटीच्या पुढ्यात मांडल्या. जाळ धरला तोच अधीक्षक डॉक्टर कुलदीप धावत आले.

"नीलाबाई! वेड लागलंय का? उद्या कमिटी आहे!"

"येऊ द्या. तिले बी जेवाले वाढतो."

"मी तुमच्यावर कारवाई करेन."

"करा ना! साहेब, तुमचा हात सोन्याचा हाये, मी डोळ्यानं पाह्यला. पन हात चालवाले पेशंट तं खाटेवर पायजे! घर सारवून राह्यले आन मानसं हाकलून राह्यले तुमी. कोनासाठी चमकवता हा दवाखाना? कुंड्यांसाठी?"

साहेबांनी चुलीकडं पाहिलं, मग चिंचेला टेकून बसलेल्या बुधरीकडं पाहिलं. ते आत निघून गेले. त्या दुपारी बुधरी पोटभर जेवली. संध्याकाळी पूल बुडाला.

गुरुवारी कमिटी आली तेव्हा चिंचेखाली चार चुली पेटल्या होत्या. मार्क कापले गेले, बक्षीस दुसऱ्या कुणाला मिळालं. शुक्रवारी भुलीचा डॉक्टर चंद्रपूरकडून आला, आणि कुलदीप साहेबांनी बुधरीचं ऑपरेशन केलं. मुलगी झाली. ओरडण्यात थेट नीलाबाईवर गेलेली, असं सिस्टर म्हणाली.

आणि शनिवारी नीलाबाईला नोटीस मिळाली. कार्यालयाची शिस्त मोडली, शासकीय फरशी जाळानं काळी केली, वरिष्ठांशी उद्धट बोलली. तीन दिवसांत लेखी खुलासा द्यावा. साहेब म्हणाले, वरूनच आदेश आलाय, माझा इलाज नाही. म्हणताना ते तिच्याकडं बघत नव्हते.

नीलाबाई सातवी शिकलेली. खुलासा तिनं स्वतःच्या हातानं लिहिला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. सोमवारी तो साहेबांच्या टेबलावर ठेवला. सोबत एक जुनं ब्लँकेट, घडी न मोडलेलं, कोपऱ्यात दवाखान्याचा पुसट शिक्का. कागदावर एवढंच होतं:

'चूल पेटवली, कबूल आहे. तीस वर्षांमागं मी याच दवाखान्यात एक चूल विझवली होती. त्यात पोचूची बायको आणि तिचं लेकरू गेलं. त्याची नोटीस मला अजून आली नाही. ती आधी द्यावी, मग ही घेते. ब्लँकेट जोडलं आहे.'