कचऱ्यातली काच

कॉलेजात मी वनस्पतिशास्त्राची हंगामी शिक्षिका होते, वय चोवीस. भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख पहिल्या दिवसापासून मला पाण्यात पाहत. कारण एवढंच की त्यांच्या प्रयोगशाळेत मला काम होतं.

कुणकेश्वरच्या खडकांवर तांबडं शेवाळ मिळायचं. ते पाण्यात वाटून गाळलं की गुलाबी रस उतरे. तो रंग एका प्रथिनाचा. शेवाळात हे प्रथिन हिरवा उजेड शोषतं आणि ती ऊर्जा शेजारच्या रंगद्रव्याला देतं. मला पाहायचं होतं, शेजारी रंगद्रव्य नसून वीज वाहणारी काच असली, तर ते तिला काही देतं का?

तशी काच हे विभागप्रमुख सर स्वतः बनवत. तापलेल्या काचेवर कथलाच्या क्षाराचा फवारा मारून. मी एक तुकडा मागितला.

"मॅडम, ही प्रयोगशाळा आहे. शेवाळाची चटणी घरी वाटा."

मग मी त्यांच्या कचऱ्याच्या डब्यातून दोन फुटके तुकडे उचलले. एकावर रस सुकवला, तो मिठाच्या पाण्यात उभा केला, समोर जुन्या सेलमधली कार्बनची कांडी. तारा त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या गॅल्व्हानोमीटरला, बारीकशी वीजही दाखवणाऱ्या यंत्राला, जोडल्या. दिवा लावला आणि यंत्राच्या पट्टीवरचा प्रकाशाचा ठिपका सरकला. थोडाच, पण सरकला.

तेवढ्यात सर प्राचार्यांना घेऊनच आत आले. "बघा, माझी काच चोरली!"

मी दिवा विझवून पुन्हा लावला. ठिपका पुन्हा सरकला.

"दिव्याची उष्णता आहे ती," सर हसले. "भौतिकशास्त्र शिका आधी."

माझ्याकडे जिलेटिनचे रंगीत कागद होते. दिव्यापुढे लाल धरला. लालमधून उष्णता भरपूर जाते, पण गुलाबी प्रथिन लाल उजेड घेत नाही. ठिपका ढिम्म. हिरवा धरला, ठिपका सरकला. पुन्हा लाल, पुन्हा हिरवा.

सरांनी पुढे येऊन तार उपटली, काच बाहेर काढली आणि खिशातल्या रुमालानं गुलाबी थर पुसून टाकला.

"काच माझी आहे."

आरोंद्याची मी, कॉलेजात कधी मालवणी बोलत नसे. त्या दिवशी तोंडातून निघालं, "माका चोर म्हणू नुकात. कचऱ्यातले तुकडे ते."

प्राचार्यांनी प्रयोगाबद्दल एक शब्द विचारला नाही. चोरी केल्याचं लिहून द्या, म्हणाले. मी लिहिलं: कचऱ्यातून दोन तुकडे घेतले, आणि खाली हिरव्या-लाल कागदांची सगळी हकिकत. 'चोरी' हा शब्द लिहिला नाही. पुढच्या वर्षी मला बोलावणं आलं नाही.

कॉलेजातल्या माझ्या शेवटच्या दिवशी एसटीत सर नेमके माझ्या पुढच्या बाकावर बसले. मान न वळवता त्यांनी विचारलं, "लाल कागदाचं कोणी सुचवलं?"

"तुमीच. उष्णतेचा बोललात म्हणान."

ते पुढच्या थांब्यावर उतरले. त्यांचं गाव अजून दोन थांबे पुढे होतं. मला त्यांची कणव आली नाही. आजही येत नाही.