बर्नर पेटवण्याआधी

चाकणच्या आमच्या कंपनीत गाड्यांचे सुटे भाग रंगवतात. रंगवलेला माल भाजायला गॅसवरची एक लांबलचक भट्टी आहे. तिला सगळे ओव्हनच म्हणतात. तिची देखभाल माझ्याकडे. त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर ओव्हन मध्येच विझला. असं अधूनमधून व्हायचंच, म्हणून मी निवांत गेले.

ऑपरेटर लातूरकडचा, माझ्याहून वयाने मोठा. ओव्हन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर तापमानाची सेटिंग नेहमीपेक्षा बरीच वर दिसत होती. कुणी बदलली, विचारलं, तर तो म्हणाला, मी आत्ता हात धुऊन येतोय, स्क्रीनला शिवलोसुद्धा नाही. मी आकडा खाली आणला. आम्ही दोघं बघत असतानाच तो परत वर चढला.

"मॅडम, तुम्ही केलं का?" त्याने हळूच विचारलं.

माझे दोन्ही हात खाली होते.

मी कॉम्प्युटरच्या मागे हात घालून नेटवर्कची वायर उपटली आणि एकेक सेटिंग उघडून पाहू लागले. बर्नर पेटण्याआधी एक पंखा काही वेळ फिरतो आणि आत साचलेला गॅस बाहेर काढतो. तो किती वेळ फिरायचा, तेही याच कॉम्प्युटरवर ठरायचं. तिथे शून्य होतं. सवयीप्रमाणे मी सरळ स्टार्ट दाबलं असतं, तर आत गॅस असतानाच ठिणगी पडली असती. ओव्हनच्या तोंडाशी माणसं गप्पा मारत माल टांगत होती.

ऑपरेटरला गॅसचा मेन कॉक बंद करायला पाठवलं. मग दिसेल त्याच्या दंडाला धरून बाहेर ढकलत सुटले.

प्रॉडक्शनचे साहेब आले. माल न्यायला गाडी येऊन उभी होती. वायर काढलीय ना, मग पंख्याची वेळ नीट करा आणि पेटवा, असं त्यांचं म्हणणं.

"साहेब, आणखी काय बदललंय ते मला माहीत नाही. मी नाही पेटवणार."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाहेर उभ्या असलेल्या माणसांकडे, आणि गाडीवाल्याला परत पाठवलं.

संध्याकाळी मारुंजीहून कॉम्प्युटर सुरक्षेचं काम करणारा एक जण आला. ओव्हन बसवणाऱ्यांनी लांबून दुरुस्ती करता यावी म्हणून इंटरनेटवरून एक वाट ठेवली होती. ती तशीच उघडी राहिली होती, पासवर्डही सुरुवातीचाच. त्या वाटेने कुणीतरी आत आलं होतं. कोण, ते आजवर कळलेलं नाही. त्याला आम्हाला मारायचं होतं का, मी विचारलं.

"आपण कशाला हात लावतोय हे त्याला कदाचित माहीतही नसेल," तो म्हणाला.

हे ऐकून मला जास्तच भीती वाटली.

घरी सासूबाईंनी विचारलं, एवढी पांढरीफटक का पडलीस? कंपनीत कुणीतरी शिरलं होतं, मी म्हणाले. "घावला का न्हाई मग?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं, आणि ताटावरून उठले.

पुढे ती वाट बंद केली. पंख्याची वेळ आता वेगळ्या पेटीतून ठरते. तिला बाहेरची एकही वायर नाही. पेटीला कुलूप असतं. सगळी तपासणी झाल्यावर ओव्हन पेटवायची वेळ आली, तेव्हा ऑपरेटर म्हणाला, मी दाबतो बटन. मी त्याला इतरांबरोबर बाहेर उभं केलं आणि बटन स्वतः दाबलं. पंखा घरघरत राहिला, थांबेचना असं वाटलं. मग बर्नर पेटला. मी बाहेर नळापाशी गेले. मला उलटी झाली. ऑपरेटर लांबच उभा राहिला आणि दुसऱ्या कुणाला तिकडे येऊ दिलं नाही.