मिठागरातले अंगठे

ती घटना आठवली की आजही माझा हात आपोआप डाव्या अंगठ्याकडे जातो आणि मी तो चोळून बघतो. रेघा आहेत का, ते. नाव कुणाचंच घेणार नाही, गावाचंही नाही. पनवेलहून उरणकडे जाताना खाडीच्या अंगाला जी गावं लागतात त्यातलं एक, एवढं पुरे.

मी सातवी पास. शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. मधलं काही वशिल्यानं मिळालेलं नाही. तेव्हा निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं आणि ते गाव माझ्या बीटात होतं.

एका सकाळी ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे वीसेक माणसं येऊन उभी राहिली. तक्रार अशी, की गावच्या टाकीवर काम करणारी बाई पाण्यात औषध मिसळते. कसलं? तर पोरं होऊ नयेत असलं. वारस उरला नाही की जमिनी बेवारस होणार, आणि मग बाहेरचे लोक त्या घशात घालणार. बाहेरून आलेल्या एका व्याख्यात्यानं हे देवळाच्या सभागृहात पडद्यावर दाखवलं होतं. तेव्हापासून ते फोनवर फिरत होतं.

वेळ बघा. पंधरा दिवसांवर नव्या नळयोजनेची जनसुनावणी होती. तिच्या मागोमाग ग्रामपंचायतीची निवडणूक. वंश वाचवा म्हणत एक नवं पॅनेल उभं राहिलेलं. इतक्या मोक्यावर आलेली तक्रार मी आधी उलटी करून बघतो.

बाई विधवा होती. पंचायतीकडून टाकीत रोज सकाळी पावडर टाकायची आणि चावी फिरवायची, एवढंच काम. मी गेलो तेव्हा तिच्या दाराला शेण फासलेलं होतं. आत सून होती, पोटुशी. मी जमावाला म्हटलं, "अरे, तिच्याच सुनेला दिवस गेलेत, दिसत नाही का?"

मागून एकजण बोलला, "तेच तर, सायब! सगल्यांच्या सुना रिकाम्या राहिल्या, तिच्याच सुनेला बरे दिवस गेले? ती घरात येगलं पाणी पिते."

पुरावा समोर ठेवला तर त्यांनी तोच उचलून आपल्या बाजूला लावला.

खरं सांगायचं तर संशय मलाही आला होता. तिच्या माळ्यावर एका पत्र्याच्या डब्यात पांढरी पावडर सापडली. वर चिठ्ठी नाही, काही नाही. कुणी दिली, कधी, किती, सगळं विचारलं.

"गोन फाटली म्हणून डब्यात भरली, सायब," ती म्हणाली. "सुनेची आण."

आण घेणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. दोन पंच बोलावले, पंचनामा केला, डबा सील केला, नमुना प्रयोगशाळेत पाठवला. ग्रामपंचायतीनं तिला घरी बसवलं आणि टाकीवर दुसरा माणूस नेमला. ठाण्यात वरिष्ठ म्हणाले, "सुनावणी होईपर्यंत बाईला आत घे. गाव शांत होईल." मी म्हटलं, "साहेब, एकदा आत घेतली की ती बाहेर आली तरी गाव तिला विषवालीच म्हणणार. अहवाल येऊ द्या." ते चिडले. मी ऐकलं नाही. हट्टी म्हणून मला बदल्या भोगाव्या लागल्या आहेत, त्यात आणखी एक झाली तर होऊ दे, म्हटलं.

यामागे कोण, हे शोधायला मी आधी टँकरवाल्यामागे लागलो. नळ बंद पडला तर फायदा त्याचा, असा माझा हिशोब. तीन दिवस वाया गेले. तो भला माणूस स्वतः घरी नळाचं पाणी पीत होता.

मग खबर मिळाली ती सुनावणीच्या कार्यालयातल्या एका कारकुनाकडून. "फौजदारसाहेब, त्या गावच्या तीनशेवर हरकती एकाच दोरीत बांधून आल्यात. एकदा नजर घाला."

गेलो. गठ्ठा सोडला. मजकूर सगळीकडे एकच, छापील: पाण्यात औषध आहे, नवी नळयोजना नको. खाली नाव, वय आणि अंगठा. बहुतेक वयं सत्तरीच्या पुढची. अंगठे असे सुरेख उठलेले, की रेघ न् रेघ मोजून घ्यावी.

तिथंच मी थांबलो. माझा बाप मोरा बंदराकडच्या मिठागरात राबलेला. त्याचा अंगठा मी लहानपणापासून पाहिला होता, नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत. मिठाच्या पाण्यात आणि फावड्याच्या दांड्यावर जन्म गेला की रेघा राहत नाहीत. या गावच्या सगळ्या म्हाताऱ्यांनी तेच काम केलेलं. मग हे ठसे कुणाचे?

शाईचं पॅड घेऊन गठ्ठ्यातल्या पहिल्याच म्हाताऱ्याच्या घरी गेलो. ओटीवर जाळं विणत बसला होता.

"बाबा, हा अंगठा तुमचा?"

त्यानं कागद डोळ्याजवळ नेला, लांब धरला आणि हसायला लागला. "माझा? सायब, माझा अंगठा रेशनच्या मशीनला नाय उठत. दुकानवाला बोलतो, बाबा, मशीन बोलते तू मेलास. पोराचा अंगठा लावून गहू आणतो मी. नि हितं बघा कसा उठलाय, नवऱ्या मुलासारखा!"

त्याचा नमुना घेतला. कागदावर नुसता काळा डाग.

"म्हणजे हरकत तुम्ही दिली नाही?"

"नाय. कोण आलाच नाय इचारायला." मग जाळ्यात मान घालून म्हणाला, "इचारलं असतं तर दिली असती. पाण्यात औषध हाय, ते खरंच हाय."

"कशावरून?"

"वास येतो ना, सायब."

तसे चाळीस नमुने घेतले. चाळीस डाग. गठ्ठा आणून दिल्याची सही होती पॅनेलच्या मुख्य उमेदवाराची, म्हणून त्याला नोटीस देऊन ठाण्यात बोलावलं. पदवीधर माणूस, कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. इस्त्रीचा शर्ट, बोलणं स्वच्छ.

मी ग्लास पुढे केला. "पाणी घ्या."

"नको, माझं आहे." त्यानं पिशवीतून बाटली काढली.

खोटं बोलणाऱ्याच्या तोंडाला कोरड पडते, तो मिळेल ते पाणी ढोसतो. हा माणूस आमच्या माठाकडे बघायलाही तयार नव्हता. म्हणजे जे सांगत फिरत होता त्यावर त्याचा स्वतःचा विश्वास होता. मी सावध झालो. लबाड माणूस सौदा करतो, पण मनापासून मानणारा कुठवर जाईल सांगता येत नाही.

म्हाताऱ्याचा डाग आणि हरकतीवरचा ठसा शेजारी ठेवले. "हा त्यांचा खरा. हा तुमच्या कागदावरचा. आता तुमचा घेऊ?"

त्याचा अंगठा हळूच मुठीत गेला. मी म्हटलं, "मूठ उघडा. कोर्टात उघडावीच लागेल."

"सर, मी कुणाला फसवलं नाही," तो म्हणाला. "सगळे आमच्याच बाजूचे आहेत. जाऊन विचारा. एवढ्या उन्हात घरोघर कोण फिरणार? आम्ही तिघं बसलो आणि करून टाकलं."

"त्यांच्या नावानं?"

"त्यांच्याच भल्यासाठी."

अंगुली मुद्रा तज्ज्ञांनी नंतर सांगितलं, तिघांचीच बोटं आलटून पालटून वापरलेली. बनावट दस्तऐवजाचा गुन्हा नोंदवला, पुढे दोषारोपपत्रही गेलं. सुनावणीत तो गठ्ठा बाजूला ठेवला. त्याच आठवड्यात प्रयोगशाळेचा अहवाल आला. साधी ब्लीचिंग पावडर. बाईवरचा संशय कागदावर तरी फिटला, ती कामावर परत आली. व्याख्यात्याचा फोन तेव्हापासून बंद आहे, त्याच्यावर काही ठेवता आलं नाही.

सुनावणीत तो म्हातारा उभा राहिला होता. "ह्यांनी माझा अंगठा चोरला," म्हणाला. टाळ्या पडल्या. मग म्हणाला, "पण पाण्याचं बघा काय ते." त्यालाही टाळ्या पडल्या. पॅनेलच्या तीन जागा निवडून आल्या.

मी मात्र फुशारकीत होतो. जेवताना बायकोला सगळं रंगवून सांगितलं. तिनं ऐकत ऐकत माझा ग्लास भरला, तो कोपऱ्यातल्या निळ्या जारमधून. तो जार दोन महिने तिथं होता. मी रोज पाहत होतो.

"हे कशाला? आपल्याकडे तर नळ आहे."

"अहो, सून आहे घरात. खरं-खोटं देवाला माहीत. फोनवर सगळ्या बायका तेच सांगतात."

तीनशे कागद उलथेपालथे केले होते मी. स्वतःच्या स्वयंपाकघरात मात्र एक प्रश्न विचारला नव्हता.

पुढे त्या बाईच्या नातवाचं बारसं झालं. आग्रहाचं बोलावणं होतं. बायकोला घेऊन गेलो. गावातल्या पाच-सहाच बायका आलेल्या, त्यात त्या जाळं विणणाऱ्या म्हाताऱ्याची बायकोही. बाईनं ताटातून पाणी फिरवलं. सगळ्यांनी ग्लास घेतले आणि पुढ्यात ठेवले. कुणी ओठाला लावेना. बाई ताट धरून उभीच होती.

माझ्या बायकोनं ग्लास उचलला. माझ्याकडे एकदा रागानं बघितलं. अर्धा प्यायली आणि म्हणाली, "बाई, याला एवढा वास का गं येतो?"

"पावडरचा वास असतो, ताई," ती म्हणाली. "वास आला नाय, तर समजा मी त्या दिवशी टाकलीच नाय. तवा पिऊ नका."

इतक्या महिन्यांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. गावानं नाही, पॅनेलनं नाही. मीही नाही, आणि म्हाताऱ्यानं तर मला वास येतो म्हणून तोंडावर सांगितलं होतं. मी पंच बोलावले, डबा सील केला, चाळीस अंगठे घेतले. साधं "वास कशाचा?" विचारलं असतं, तर एवढ्या संशयाचं निम्मं ओझं तिथंच उतरलं असतं. गुन्हा शोधायची मला इतकी सवय, की माणूस कशाला भ्यालाय हे विचारायचं सुचलंच नाही. सातवी पास माणसालाही हे यायला हवं होतं.

निघताना मागे वळून पाहिलं. म्हाताऱ्याच्या बायकोनं ग्लास नाकाशी नेला, हुंगला, खाली ठेवला. मग पुन्हा उचलला.