दिवे गेले तरी वाजणारा फोन

लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीतल्या ताईंचा चेहरा गिऱ्हाइकांपैकी कुणीच पाहिला नव्हता, पण त्यांचा आवाज मात्र कितीतरी जणांच्या ओळखीचा होता. शहरातल्या ज्या ज्या लिफ्टची देखभाल कंपनीकडे होती, त्या प्रत्येकीत बटणांच्या वर एक स्टीलची पट्टी ठोकलेली असे आणि तिच्यावर एकच नंबर कोरलेला असे. लिफ्ट मधेच अडकली की आतला माणूस तो नंबर फिरवायचा आणि ताई फोन उचलायच्या.

ऑफिस तळमजल्यावर होतं. पुढच्या खोलीत ताईंचं टेबल, मागच्या खोलीत तारेच्या दोरांची वेटोळी आणि ग्रीसचे डबे. ग्रीसचा वास ताईंच्या साड्यांना असा बसला होता की धुवूनही जायचा नाही. फोन आला की आधी बिल्डिंग कुठली ते विचारायचं, जवळच्या मेकॅनिकला कळवायचं, आणि मग खरं काम सुरू व्हायचं. तो पोचेपर्यंत आतल्या माणसाशी बोलत राहायचं.

ताई कधीही ‘घाबरू नका’ म्हणत नसत. तसं म्हटलं की माणूस हमखास घाबरतो, हा त्यांचा अनुभव. त्या विचारायच्या, कुठे निघाला होतात, सोबत सामान काय आहे, खाली बसायला जागा आहे का. एकदा मुलाखतीला निघालेला एक तरुण अडकला होता. उशीर होणार म्हणून तो रडकुंडीला आला, तेव्हा ताईंनी त्याच्याकडून मुलाखतीतली उत्तरं म्हणून घेतली. ‘स्वतःबद्दल सांगताना जरा हळू बोला,’ असंही त्याला सांगितलं. त्याला नोकरी लागली की नाही, ते काही त्यांना कळलं नाही. ताईंच्या कामात बहुतेक गोष्टी अशाच अर्ध्यावर सुटायच्या. लिफ्ट सुरू झाली की माणूस फोन ठेवून आपल्या वाटेला लागायचा.

त्यांचं लग्नसुद्धा या फोननंच जमवलं होतं. मिस्त्री त्याच कंपनीत मेकॅनिक होते. काम झालं की गच्चीवरच्या मोटारीच्या खोलीतून ते फोन करायचे. खरं तर ‘लिफ्ट सुरू झाली’ एवढंच कळवायचं असे, पण मिस्त्री पडले बोलघेवडे. वरून शहर कसं दिसतंय, कुणाच्या गच्चीवर काय वाळत पडलंय, सगळं सांगत बसायचे. ताई वरवर रागवायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच फोनची वाट बघायच्या. पुढे लग्न झालं, लेक झाली, लेक सासरी गेली, तरी मिस्त्रींच्या तोंडाची टकळी काही थांबली नाही.

ती थांबली मेंदूच्या झटक्यानं. उजवा हात आणि पाय हळूहळू हलू लागले, पण बोलणं अडकून बसलं. काय म्हणायचंय ते मिस्त्रींना नेमकं ठाऊक असे, आणि शब्द मात्र ओठांपर्यंत येऊन माघारी फिरायचा. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की त्यांना बोलतं ठेवा, वेळ द्या. पण वेळच तर ताईंकडे नव्हता. सकाळी त्यांचं सगळं आवरून, दुपारचं झाकून ठेवून, शेजारच्या वहिनींना लक्ष ठेवायला सांगून ऑफिस गाठायचं असे. मिस्त्रींनी ‘च... च...’ केलं की ताई म्हणायच्या, ‘चष्मा ना? हा घ्या.’ बहुतेक वेळा त्यांचा अंदाज बरोबर निघायचा. मिस्त्री मान डोलवायचे आणि गप्प बसायचे.

अशात टेलिफोन कंपनीचं पत्र आलं. त्या भागातल्या जुन्या तांब्याच्या तारा काढून टाकणार होते, त्यामुळे ऑफिसचा फोन बंद होणार होता. मालकांचं वय झालं होतं, कारभार आता त्यांच्या लेकीच्या हाती होता. ती लहानपणी ताईंच्या टेबलाखाली बसून चित्रं काढायची आणि अजूनही त्यांना मावशीच म्हणायची. ऑफिसला चांगलं इंटरनेट घ्यायचं आणि फोनही त्याच्यावरच चालवायचे, असं तिनं ठरवलं. ‘पण कुणाकडून घ्यायचं ते आपण दोघी मिळून ठरवू, मावशी,’ असं ती म्हणाली.

ताईंनी मान हलवली खरी, पण इंटरनेटवरचा फोन यंत्रच उचलणार, असं त्या धरून चालल्या. बँकेत फोन केला की काय होतं, ते त्यांना माहीत होतं. यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा. फोन उचलणारं यंत्र एकदा आलं की फोन उचलणारी बाई हवी कशाला, हा विचार त्यांच्या डोक्यातून जाईना. मिस्त्रींना त्या यातलं काहीच बोलल्या नाहीत.

पहिला आला तो टाय लावलेला गृहस्थ. इंटरनेटच्या वेगाबद्दल तो असं काही बोलत होता की जणू लिफ्टच त्याच्या वेगानं धावणार होत्या. मालकांच्या लेकीनं विचारलं, आमचा जुना नंबर तसाच राहील ना? तो म्हणाला, नवा मिळेल, लक्षात ठेवायला अगदी सोपा. शहरभरच्या लिफ्टमधल्या पट्ट्या दोघींच्या डोळ्यांसमोर आल्या. गृहस्थांना चहा देऊन निरोप दिला.

दुसऱ्याकडे नंबर तोच राहणार होता आणि दरही सगळ्यात कमी होते. मालकांनी घरून निरोप धाडला की हेच घेऊन टाका. पण ती लाइन सगळ्या बाजारपेठेत मिळून एक होती. चाचणीसाठी आठवडाभर घेतली, तर दुपारपर्यंत ठीक चालायची आणि संध्याकाळी दुकानांत गर्दी झाली की आवाज तुटायचा. मालकांची लेक रस्त्यावरून फोन करायची आणि ताईंचं बोलणं तिला तुकड्यातुकड्यांनी ऐकू यायचं. तिनं वडिलांना सांगितलं, अंधारात अडकलेल्या माणसाला असा आवाज ऐकवण्यापेक्षा न ऐकवलेला बरा. ते मालकांनाही पटलं.

तिसरी आली ती एक मध्यमवयीन इंजिनिअर. आल्या आल्या तिनं विचारलं, इथे फोन कोण उचलतं? मग ती खुर्ची ओढून ताईंच्या शेजारी बसली आणि दुपार होईतो येणारे फोन नुसती ऐकत राहिली. मधे एका बिल्डिंगमधून फोन आला, आत दोघी मैत्रिणी अडकल्या होत्या. ताईंनी त्यांना भेंड्या खेळायला लावलं, तेव्हा इंजिनिअरबाई तोंडाला रुमाल लावून हसल्या. नंतर ताईंनी त्यांना मनातली शंका विचारली. लिफ्ट अडकतात त्या मुख्यतः वीज गेल्यावर. तेव्हा हा नवा फोन वाजेल का?

बाईंनी आडपडदा ठेवला नाही. जुन्या तारेतून फोनपुरती वीज टेलिफोन कंपनीकडूनच यायची, म्हणून दिवे गेले तरी तो चालायचा, असं त्यांनी समजावून सांगितलं. नव्याचं तसं नाही, वीज गेली की तोही गेला. त्यामुळे सोय आपणच करायची. इंटरनेटच्या डब्याला बॅटरी लावायची. एक लाइन जमिनीतून घ्यायची आणि दुसरी, वेगळ्या कंपनीची, बिनतारी. एक पडली तर दुसरी सांभाळेल.

‘आणि दोन्ही पडल्या तर?’ मालकांच्या लेकीनं विचारलं.

‘तर फोन आपोआप दुसरीकडे वाजेल. या फोनचा नंबर तारेला बांधलेला नसतो. इंटरनेट असेल तिथे तो वाजवता येतो.’

‘दुसरीकडे म्हणजे कुठे?’ ताईंनी विचारलं.

‘तुम्ही म्हणाल तिथे. तुमच्या घरीसुद्धा.’

टेबलावरचा चहाचा कप ताईंनी उगाच इकडचा तिकडे ठेवला. मालकांची लेक त्यांच्याकडे बघत होती. मिस्त्रींचं आजारपण तिला ठाऊक होतं, आणि दुपारी वहिनींना फोन करताना ताईंचा आवाज कसा होतो, तेही तिनं ऐकलेलं होतं.

‘मावशी,’ ती हळूच म्हणाली, ‘मग नेहमीच घरून उचललात तर?’

ताईंनी मनातली भीती तिला सांगितली ती त्या वेळी. यंत्र आलं की मला काढाल असं वाटत होतं, म्हणाल्या. ते ऐकून ती पोर चक्रावलीच. हिशेबाच्या आणि नव्या कामाच्या फोनांना एक-दोन दाबायची सोय करायची, हे तिच्या मनात होतं. पण लिफ्टमधून आलेला फोन थेट ताईंकडेच जाणार, यात तिला विचारण्यासारखं काही वाटलंच नव्हतं, म्हणून ती बोलली नव्हती. दोघी जरा वेळ एकमेकींकडे बघून हसल्या. तिसरीच्या कागदांवर सही झाली. निम्मे दिवस ऑफिस आणि निम्मे दिवस घर, असं करून बघायचं ठरलं.

घरी फोन बसवायला माणूस आला, तेव्हा मिस्त्री खुर्ची सरकवून जातीनं हजर होते. वायर भिंतीवरून जरा तिरकी गेली, तर त्यांनी डाव्या हातानं खूण करून ती उपटायला लावली आणि सरळ बसवून घेतली. कितीतरी दिवसांनी त्यांना असं कामात शिरलेलं बघून ताई स्वयंपाकघरात गेल्या आणि उगाच भांडी आवरत बसल्या.

थोडे दिवस सुरळीत गेले. मग ताई घरी असताना एका दुपारी निम्म्या शहराची वीज गेली. घरातला पंखा थांबत थांबत थांबला. ऑफिसमधल्या बॅटरीनं थोडा वेळ तग धरला, पण जमिनीतली लाइन पडली आणि सगळ्यांनी एकदमच मोबाइल हातात घेतल्यामुळे बिनतारी लाइनही तुंबली. पण घरच्या डब्याला वेगळी बॅटरी होती आणि तिथली लाइनही वेगळी होती, त्यामुळे इंजिनिअरबाईंनी सांगितलं होतं तसा, ताईंच्या घरातला फोन वाजला.

पलीकडे एक आजी होत्या, एकट्याच. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबलेली, आत काळोख. ताईंनी बिल्डिंग विचारली, मेकॅनिकला कळवलं, पण तो आधीच दुसऱ्या लिफ्टशी झुंजत होता. आजींना पिशवीवर बसायला सांगेपर्यंत दुसरा फोन वाजू लागला. त्यावर एक बाप होता आणि त्याच्या कडेवरची मुलगी किंचाळत होती. आजींना ‘जरा थांबा’ म्हणून काळोखात नुसतं सोडायचं ताईंच्या जिवावर आलं. इंजिनिअरबाईंनी जोडीला एक जास्तीचा फोन दिला होता. विचार करायला वेळ नव्हता. ताईंनी आजींचा फोन त्यावर घेतला, मिस्त्रींच्या हातात दिला आणि ‘बोला यांच्याशी’ म्हणून त्या दुसऱ्या फोनकडे वळल्या.

छोटीला त्यांनी बाबाच्या शर्टाची बटणं मोजायला लावली. पण त्यांचा एक कान मागे होता. मिस्त्रींचं ‘हॅ... लो’ त्यांनी ऐकलं. मग ‘मी... मी... मि...’ आणि पुढे काहीच नाही. ताईंची जीभ शिवशिवली. ‘मिस्त्री’ एवढाच तर शब्द होता, तो सांगून टाकावा असं त्यांना वाटलं. पण त्यांच्याच फोनवर छोटी पुन्हा मुसमुसायला लागली आणि त्यांना तिच्याकडे बघावं लागलं.

पलीकडे आजी थांबल्या होत्या. त्यांना कुठे जायचं नव्हतं, जाता येतही नव्हतं. बऱ्याच वेळानं ‘मिस्त्री’ हा शब्द बाहेर पडला, अखंड. त्यानंतर मिस्त्रींनी एक वाक्य असं ओढत आणलं, जशी हातानं फिरवून लिफ्ट वर आणावी. ‘दोर... तुटत... नाही. मी... बांध... ले... त.’ आजी काहीतरी म्हणाल्या असाव्यात, कारण मिस्त्री हसले. मग त्या बोलत राहिल्या आणि मधेमधे मिस्त्रींचे शब्द पडत राहिले, सुटे सुटे, पण त्यांचे स्वतःचे. ताईंनी मधे मान वळवून बघितलं, तर ते डोळे मिटून, फोन दोन्ही हातांत धरून ऐकत होते.

मुलगी आणि बाप आधी सुटले. मेकॅनिक आजींकडे पोचला तेव्हा ताईंनी फोन परत घेतला. आजींचा आवाज अगदी निवांत होता.

‘तुमचे मिस्त्री फार चांगलं बोलतात हो,’ त्या म्हणाल्या. ‘किती सावकाश. हल्ली सगळ्यांना घाई असते. माझी सून तर माझं बोलणं मलाच पुरं करू देत नाही.’

‘हो,’ एवढंच ताई म्हणाल्या. लोकांना फोनवर धीर देण्यात सगळं आयुष्य गेलं होतं त्यांचं. अनोळखी माणसाचं म्हणणं पुरं होईपर्यंत त्या थांबायच्या, आणि घरातल्या माणसाचा प्रत्येक शब्द त्यांनी त्याच्या तोंडातून काढून घेतला होता. प्रेमानंच घेतला होता, पण घेतला होता.

वीज आली. पंखा फिरू लागला. मिस्त्री दमले होते, कपाळावर घाम होता, पण चेहरा असा होता की गच्चीवरून नुकतेच खाली उतरले असावेत. ताई त्यांच्याजवळ बसल्या. त्यांनी विचारलं, काय बोलत होतात एवढं? मिस्त्रींनी तोंड उघडलं, शब्द शोधला, सापडेना, तेव्हा सवयीनं ताईंकडे बघितलं. ताईंनी ओठ घट्ट मिटून घेतले आणि हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. उत्तराला बराच वेळ लागला. आजींनी त्यांना एक जुनी गंमत सांगितली होती आणि ती अर्धीच राहिली होती, एवढंच त्यातून निघालं.

आता ताई घरून काम करतात ते दिवस वाढले आहेत. गर्दी झाली की दुसरा फोन मिस्त्री घेतात. मालकांच्या लेकीला हे कळलं तेव्हा ती आधी बिचकली, मग एक दिवस घरी येऊन बाजूला बसून ऐकत राहिली, आणि जाताना मिस्त्रींच्या पाया पडली. बोलणं काही पूर्वीसारखं झालेलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, तेवढं होणारही नाही कदाचित. पण रोज एखादा नवा शब्द निघतो.

थांबायची सवय ताईंना अजून पुरती लागलेली नाही. परवा सकाळी त्या दाराशी बसून वर्तमानपत्र वाचत होत्या, तर आतून मिस्त्रींची हाक आली. ‘अगं... दू...’ ताईंच्या तोंडावर शब्द आला होता, पण त्यांनी तो गिळला. पेपर खाली ठेवून, मान वळवून, त्या शहाण्यासारख्या वाट बघत बसल्या.

‘दू... ध... उ... तू...’

मिस्त्रींचं वाक्य अगदी शेवटच्या शब्दापर्यंत पुरं झालं, आणि तोवर दुधानं सगळी शेगडी पांढरी केली होती. दोघंही फडकं घेऊन ओट्याशी उभे राहिले. पुसता पुसता मिस्त्रींना हसू आवरेना, आणि त्यांचं बघून ताईंनाही.